टायनी होम (अगदी छोटं घर) माझं, जागा भाड्याची, मालक कधीही काढू शकतो का?

अमेरिकेतलं विचारताय तर मनात येईल तेव्हा नाही काढता येत, पण किती संरक्षण मिळतं ते राज्यावर आणि तुमचं घर कागदावर काय आहे त्यावर ठरतं. चाकांवरचं टायनी होम बऱ्याच ठिकाणी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) धरतात, त्यामुळे मोबाइल होमवाल्यांचे (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या घरात राहणाऱ्यांचे) हक्क आपोआप लागू होत नाहीत, आणि इथेच लोक फसतात हो! कॅलिफोर्नियात मोबाइल होम पार्कमध्ये (अशा घरांना जागा भाड्याने देणाऱ्या वसाहतीत) भाडं वाढवायचं तर ९० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि काढायला कायद्यात दिलेलंच कारण लागतं, आरव्ही पार्कमध्ये मात्र ९ महिने किंवा जास्त राहिलात तरच रहिवासी म्हणून जास्त हक्क मिळतात.

म्हणून सही करण्याआधी लीज आणि पार्कचे नियम दोन्ही मागून घ्या, नियम बहुतेक वेळा वेगळ्या कागदावर असतात आणि त्यातच पाळीव प्राणी, पाहुणे किती रात्री राहणार, पोटभाडेकरू ठेवता येतो का हे सगळं असतं. वीज-पाण्याचा मीटर स्वतंत्र आहे का तेही बघा. घर विकलंत तर ते त्याच जागेवर राहू देणार की ओढून न्यायला लावणार, हे लेखी घ्याच, तोंडी हो म्हटल्यावर अजिबात विसंबू नका. आणि मालकाने चिडून पाणी तोडलं किंवा कुलूप लावलं तर ते बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, कोर्टातूनच जावं लागतं त्याला.