जुन्या इमारतीला खेटून नवी, पण 40 मिलिमीटर सोडून

प्रश्न : पणजीत आमच्या संस्थेची 1960च्या दशकातली दोन मजली इमारत आहे, उघडे काँक्रीट, दर्शनी बाजूला सिमेंटची जाळी. मागे वाचनालय वाढवायचे आहे. जुन्या स्लॅबच्या सळया मोकळ्या करून नवा स्लॅब त्यालाच जोडू, असे कंत्राटदार म्हणतो. नव्या भागालाही दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीसारखी जाळी लावली तर शोभेल का?

उत्तर : सळया जोडायला साफ नकार द्या. जुनी इमारत जमिनीत बसायची तेवढी बसून गेली आहे, नवी आता बसेल. दोन्ही एकमेकींत अडकवल्या की पहिल्या दोनतीन पावसाळ्यांत जोडावर तिरपी भेग पडते आणि पाणी तिथूनच शिरते. नव्या भागाला स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया हवा. मधली फट भूकंपाच्या हिशेबाने ठेवायची. काँक्रीटच्या सांगाड्याला भारतीय मानक 4326 दर मजल्यामागे 20 मिमी सांगते, म्हणजे तुमच्याकडे 40. अभियंत्याच्या गणितात जास्त आली तर तेवढी.

फट कागदावर असते आणि साइटवर बुजते. शटरिंगची फळी आतच राहते, गवंडी वरून मसाला भरतो. म्हणून प्रत्येक स्लॅब ओतल्यावर, वरचे काम चढण्याआधी, बॅटरी मारून ती आरपार मोकळी आहे का ते बघा. वर गच्चीवर फटीच्या दोन्हीकडे 150 मिमी उंच कठडा घ्या. झाकणाचा पत्रा एका बाजूलाच पक्का करा, दुसरी बाजू सरकती ठेवा. खारी हवा आहे, तेव्हा 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या. 304वर तांबूस डाग पडतात.

पायाचे काम पावसाळ्यापूर्वी उरका. पणजीत बरीच जमीन भराव घालून केलेली आहे, त्यामुळे माती-तपासणी टाळू नका. जुन्या फुटिंगच्या (कॉलमखालच्या रुंद पायाच्या) तळाखाली त्याला लागून खणलेत तर त्याखालची माती सुटते. नवे कॉलम दीड-दोन मीटर मागे घ्या आणि स्लॅब तिथून फटीपर्यंत झुलता, म्हणजे टोकाला आधार न देता, काढा.

आता जाळी. वास्तुविशारद एडवर्ड ड्युरेल स्टोन यांची दिल्लीतली ती इमारत 1959मध्ये खुली झाली. तिथली जाळी काचेच्या भिंतीबाहेर उभी राहून ऊन अडवते, आणि छपराची पुढे आलेली कड भिंतीवर सावली धरते. दिल्लीच्या साधारण चौपट पाऊस पणजीत पडतो, तोही नैऋत्येकडून तिरपा. नुसती जाळी लावलीत तर पुस्तके भिजतील. पश्चिमेला जाळी हवीच असेल तर तिच्यामागे निदान दीड मीटरचा व्हरांडा ठेवा, मग खिडक्या. बाकी बाजूंना जाळी नको. जुन्या इमारतीकडून स्लॅबची पातळी आणि खांबांमधले अंतर घ्या. जाळीची हुबेहूब नक्कल केली तर जुनी कुठे संपते तेच कळेनासे होते. आमच्या मते नवा भाग जुन्यापेक्षा थोडा बुटका आणि मागे सरकलेला असावा.

प्रश्न : त्याच जाळीचे तुकडे गळतात. प्लास्टर करून रंग मारावा?

उत्तर : नको. पडलेला तुकडा हातात घ्या: बहुधा आतल्या बाजूला सळईचा तांबडा ठसा दिसेल. जाळीच्या बारीक पट्टीत सळईवर काँक्रीट जेमतेम 10-15 मिमी असते. गंजलेली सळई फुगते आणि ते फोडून टाकते. प्लास्टर त्या फुगण्यासमोर टिकत नाही.

आधी ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (काँक्रीटचा अल्कधर्मीपणा रंगाने दाखवणारे रसायन) फवारा. गुलाबी झाले तर ते काँक्रीट अजून सळईला जपते आहे. रंगच आला नाही आणि तो बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर दुरुस्ती तिच्या मागपर्यंत न्यावी लागेल. सळईमागे 20 मिमी मोकळे करा, गंज घासून जस्ताचा प्रायमर लावा, मग पॉलिमर मिसळलेला मसाला भरा. खाडीची वाळू वापरू नका, तिच्यातले मीठ पुन्हा गंज आणते. रंग जुळवायला 300 मिमी चौकोनी चारपाच नमुने करून भिंतीशेजारी ठेवा आणि ओले-सुके दोन्ही बघून मग निवडा. फार पोखरलेले ठोकळे तसेच्या तसे नव्याने ओतून बसवावेत आणि मागच्या बाजूला साल कोरावे.