जर्मनीत मॅनेजमेंट शिकायला येतोयस तर

तू विचारलंयस की बीकॉम झालंय, दोन वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय, आता जर्मनीत मॅनेजमेंटचं मास्टर्स करायचंय, तर कुठली स्किल्स लागतात. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते. एपीएस (आपल्या मार्कशीटची तपासणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहायच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा हे सगळं साइटवर आहे, ते सोडून देते.

पहिलं म्हणजे सिलॅबस. इथे तुझे टक्के नंतर बघतात, आधी बिझनेस आणि स्टॅटिस्टिक्सचे क्रेडिट्स किती ते मोजतात, त्यामुळे प्रत्येक विषयाचा सिलॅबस शिक्क्यासकट लागतो. माझ्यासाठी बाबांनी युनिव्हर्सिटीत पाच चकरा मारल्या, गुडघे दुखत असताना, दर वेळी साहेब जेवायला गेलेले. ते आजही आठवलं की राग येतो.

अकाउंटिंगची भीती बाळगू नकोस. डेबिट-क्रेडिटला इथे झोल आणि हाबेन म्हणतात, नफा हातात आल्याशिवाय दाखवायचा नाही पण तोटा दिसला की लगेच धरायचा, हे तू बीकॉमलाच शिकलायस. एक्सेल येतंच असेल, सॅप म्हणजे कंपन्या हिशेबासाठी वापरतात ते सॉफ्टवेअर, त्याची तोंडओळख करून घे.

खरं स्किल म्हणजे चूक दिसली की तोंड उघडून बोलणं. मी २०१६ ला न्यूर्नबर्गला आले, शिकताना आठवड्याला २० तास एका कंपनीच्या कंट्रोलिंगमध्ये, म्हणजे खर्चावर नजर ठेवणाऱ्या विभागात, काम करायचे. एकदा वाहतूक खर्च चुकीच्या कॉस्ट सेंटरला, म्हणजे भलत्याच विभागाच्या नावावर, पडलेला मला दिसला, पण शीट बॉसची होती म्हणून मी गप्प. नंतर बॉसने शांतपणे विचारलं, दिसलं होतं तर बोलली का नाहीस? उत्तर नव्हतं माझ्याकडे. आपल्याकडे मोठ्यांची चूक काढत नाहीत, इथे न काढणं हीच चूक धरतात. ते हळूहळू शिकले, पण इंग्लिशमध्ये. कोर्स इंग्लिश, ऑफिस इंग्लिश, जर्मन राहूनच गेलं.

आणि ते नेमकं माझ्या मुलाच्या शाळेच्या वेळी नडलं. बव्हेरियात, म्हणजे न्यूर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच ठरतं मूल कुठल्या शाळेत जाणार, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल (इथे १ म्हणजे सगळ्यात चांगला, आकडा वाढला की मार्क कमी) तरच थेट गिम्नाझियुम, म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा. त्याची २.६६ आली. शाळेतल्या मीटिंगला त्याच्या बाई भराभर जर्मनमध्ये बोलत होत्या आणि मी मान हलवत होते, ऑफिसात आकड्यांवरून भांडणारी मी. गिम्नाझियुममध्ये तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, तिथून जाता येतं, हे त्यांनी दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, मी तो नीट वाचला तेव्हा तारीख गेली होती. आता तो सातवीत आहे, रेआलशुलेमध्ये, म्हणजे दहावीपर्यंतच्या शाळेत, मजेत आहे, तिथूनही पुढे रस्ते आहेत, हे सगळं मला माहितीये. तरी रात्री ती मीटिंग आठवते.

एकटेपणाचं विचारलंयस, तो असतो, डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो, वरणभात करायचा आणि झोपायचं.

जर्मन मात्र बी टू (कामापुरतं नीट बोलता येईल ती लेव्हल) करूनच ये, तिकडेच, नोकरी चालू असताना. इथे आल्यावर वेळ मिळत नाही, मला तरी नाही मिळाला. आणि सिलॅबसच्या शिक्क्याला स्वतः जा, बाबांना पाठवू नकोस.