मिस्त्रीने फर्निचर दिवाळीनंतर दिलं, तर उरलेली मजुरी अडवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कापडाच्या दुकानाचे रॅक आणि काउंटर. मजुरी ९०,००० ठरली, निम्मी आगाऊ दिली. दसऱ्यापर्यंत प्लाय तुम्ही आणून द्यायचा आणि धनत्रयोदशीच्या आत मिस्त्रीने काम उरकायचं. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. प्लाय आठ दिवस उशिरा आला. काम हातात मिळालं ते भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी, तेही दोन ड्रॉवरचे चॅनेल बाकी ठेवून. आता तुम्ही त्याला दुकानात पाऊल ठेवू देत नाही, आणि ४५,००० तर द्यायचे नाहीतच, वर सीझन बुडाल्याची भरपाईही हवी आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं पाहतो. असल्या भांडणात माणूस खुर्चीत टेकायच्या आत समोरच्याने काय काय केलं नाही ते सांगायला लागतो. मी मध्येच विचारतो, त्या वेळी पाळी कोणाची होती? बहुतेक जण तिथे अडखळतात.

करार तोंडी असला तरी करारच असतो, त्याची काळजी नको. १८७२ च्या करार कायद्यात ३७ ते ६७ ही कलमं केवळ करार पाळायचा कसा याचीच आहेत. सुरुवातच अशी, की प्रत्येकाने आपलं वचन पुरं करावं, नाहीतर निदान ते पुरं करायला पुढे यावं. मग कोणी आधी, कुठे, किती वाजता, हे सगळं ओघाने येतं.

तुमचं प्रकरण कलम ५४ मध्ये जवळपास जसंच्या तसं आहे. तिथलं उदाहरण असं: एकाने बांधकाम करायचं, दुसऱ्याने परांची आणि लाकूड पुरवायचं. दुसरा ते पुरवत नाही. मग पहिल्याने काम करायची गरज नाही, आणि उलट भरपाई त्यालाच मिळते. तुम्ही प्लाय द्यायला नकार दिला नाही, फक्त उशीर केलात, त्यामुळे गोष्ट तितकी टोकाला जात नाही. पण ते आठ दिवस मिस्त्रीच्या डोक्यावर टाकता येणार नाहीत. बोटांवर मोजा. धनत्रयोदशीत आठ दिवस मिळवले की मुदत भाऊबीजेच्याही तीन-चार दिवस पुढे सरकते. त्याने काम दिलं भाऊबीजेनंतर दहा दिवसांनी. म्हणजे खरा त्याचा उशीर जेमतेम आठवड्याचा, आणि तोही गिऱ्हाईक ओसरल्यानंतरचा. बुडालेल्या सीझनचा हिशोब तुमच्या प्लायवाल्याशी करा, मिस्त्रीशी नाही.

आता वेळेचा मुद्दा, कलम ५५. वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरच्याला करार मोडता येतो. गाभा नसेल तर करार चालू राहतो, फक्त नुकसान झालं असेल तर ते मागता येतं. जमिनीच्या साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, वेळ सहसा गाभा धरत नाहीत, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १९९२ साली चांद राणी प्रकरणात तेच सांगितलं. दिवाळीच्या आधी हव्या असलेल्या दुकानाचं तसं नाही. ‘धनत्रयोदशीला पूजा आहे, त्याच्या आत पाहिजेच’ असा तुमचा मेसेज आहे, तो चांगला पुरावा आहे. (चॅट उडवू नका. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडून तो कोर्टात दाखल करता येतो.)

पण कलम ५५ च्याच शेवटी एक मेख आहे. मुदत टळल्यावर तुम्ही काम मुकाट्याने स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. ‘काम घेतोय, पण नुकसान मागणार आहे’ हे त्याच वेळी कळवावं लागतं. तुम्ही काय केलंत? ‘फिटिंग झालं शेठ’ या मेसेजवर अंगठा टाकलात. कायद्यात याच्या आसपासचं एक गोड उदाहरण आहे. एक गायिका नाटकगृहाच्या मॅनेजरशी आठवड्यातून दोन रात्री गायचा करार करते, रात्रीचे १०० रुपये. सहाव्या रात्री ती मुद्दाम येत नाही. मॅनेजरला करार मोडता येतो. पण त्याने सातव्या रात्री तिला गाऊ दिलं, तर मोडायचा हक्क गेला. सहाव्या रात्रीची भरपाई मात्र त्याला मिळते. तुमचा अंगठा ही तुमची सातवी रात्र, आणि ५५ मुळे तुमचं पारडं त्या मॅनेजरहून हलकं आहे.

उरलेली मजुरी काम संपल्यावर, हा मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा आहे. क्रम ठरलेला नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपावरून ठरतो. घर बांधणाऱ्याने आधी बांधायचं, मग मालकाने पैसे द्यायचे, असं कलम ५२ चं उदाहरणच आहे. फक्त काम संपू कोण देत नाहीये? मिस्त्री चॅनेल घेऊन दोनदा आला, तुम्ही शटर उघडलं नाही. ५३ आणि ६७ ही कलमं इथे त्याच्या बाजूने उभी राहतात. घरदुरुस्ती ठरवून कुठे दुरुस्त करायचं ते मालक दाखवतच नसेल, तर कारागीर सुटतो. रात्री साडेदहाला आला असता तर गोष्ट वेगळी. गोदाम बंद झाल्यावर माल आणणाऱ्याने करार पाळला असं कायदा मानत नाही.

पाळी सिद्ध करणं किती कोरडं काम असतं ते सांगतो. साठेखताच्या एका दाव्यात माझा पक्षकार ‘मी पैसे घेऊन तयार होतो’ असं छाती ठोकून म्हणाला. समोरच्या वकिलाने फक्त पासबुक पुढे केलं. खरेदीखताच्या तारखेला शिल्लक चार हजार तीनशे. त्याने पुढे काही विचारलंच नाही.

तेव्हा आज एवढं करा. मिस्त्रीला लिहा: अमुक दिवशी सकाळी दहा ते सहा दुकान उघडं आहे, येऊन चॅनेल बसवा, त्याच दिवशी बाकी देतो. पैसे खात्यात तयार ठेवा. आला तर ४५,००० देऊन टाका. नाही आला तर पुन्हा एक तारीख द्या, मग दुसऱ्याकडून बसवून घ्या, त्याचं बिल घ्या आणि तेवढीच रक्कम कापून उरलेले त्याच्या खात्यावर पाठवा.