ब्रह्मास्त्राचे तुकडे

प्रश्न : २०२२ साली प्रदर्शित झालेल्या ‘ब्रह्मास्त्र’ या हिंदी चित्रपटात ब्रह्मास्त्राचे तीन तुकडे झालेले असून ते मिळवण्यासाठी सारी धडपड चालते. महाभारतात अथवा रामायणात याला आधार आहे काय? नसल्यास या चित्रपटाला पौराणिक म्हणावे काय?

उत्तर : आधार नाही. या दोन्ही ग्रंथांत ब्रह्मास्त्र ही पळवून नेण्याजोगी वस्तू नाही. ती मंत्राने जागवायची शक्ती आहे आणि तिला निमित्त म्हणून काहीही चालते. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कोंडीत सापडलेला अश्वत्थामा डाव्या हाताने गवताची एक काडी उचलतो आणि तिच्यावरच ब्रह्मशिर या ब्रह्मास्त्राच्याच जातीच्या उग्र अस्त्राची योजना करतो. अर्जुन प्रत्युत्तर देतो, तेव्हा नारद आणि व्यास मध्ये उभे राहून दोघांनाही अस्त्रे आवरायला सांगतात. अर्जुनाला ते साधते, कारण त्याच्यापाशी व्रतस्थ आयुष्याचे बळ आहे. अश्वत्थाम्याला मात्र सोडलेले अस्त्र परत घेता येत नाही, आणि ते अभिमन्यूची पत्नी उत्तरा हिच्या गर्भावर जाते. कर्णाची गोष्ट याच धर्तीची आहे. खोटे बोलून मिळवलेली ही विद्या ऐन वेळी आठवणार नाही, असा परशुरामांचा शाप त्याला भोवतो.

म्हणजे अस्त्र कोणाच्या हाती लागते यापेक्षा ते पेलण्याची आणि आवरण्याची पात्रता कोणात आहे, हा व्यासांचा प्रश्न आहे. दिग्दर्शक अयान मुखर्जी यांनी अग्नीची दृश्ये डोळे दिपवणारी उभी केली आहेत, यात वाद नाही. परंतु अस्त्राची वस्तू केल्यामुळे गोष्ट बरीचशी शोधाशोध आणि पाठलाग यांतच अडकते, आणि उरलेला वेळ प्रेमकथा खाते. (संवादांविषयी न बोललेलेच बरे.) नायक स्वतःच अग्निअस्त्र आहे, ही कल्पना मात्र मूळ विचाराच्या जवळ जाते, आणि ती अधिक फुलवायला हवी होती.

पौराणिक म्हणावे काय, याचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून चालत आलेल्या पौराणिकपटांत कथा परंपरेने दिलेली असते, येथे परंपरेतून नावे आणि प्रतीके घेतली असून कथा नवी आहे. चित्रपटातील वानरास्त्र आणि नंदीअस्त्र हा त्याच कल्पनेचा भाग होय. त्यास अद्भुतपट म्हणावे, आणि त्यात कमीपणा काही नाही. मूळ प्रसंग वाचायचा असल्यास सौप्तिकपर्वातील ऐषीक उपपर्व पाहावे; ते एका बैठकीत वाचून होते.