आपण परदेशातच आहोत, मग आणखी कुठला परदेश?

2024च्या ऑक्टोबर महिन्यात एक आई आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या कार्यालयात आली आणि खुर्चीवर बसता बसताच म्हणाली, "मॅडम, आपलं गाव, माणसं सोडून आम्ही परदेशातच आलो आहोत ना, मग हिला आणखी कुठला परदेश हवा आहे?" त्या प्रश्नात राग नव्हता, दोन वर्षांपासून साचलेला थकवा होता.

मी कॅलिफोर्नियातल्या बे एरियातील एका कम्युनिटी कॉलेजात शैक्षणिक समुपदेशक आहे. या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हे कुटुंब 2022मध्ये मुलीच्या मामाने केलेल्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळवून पश्चिम महाराष्ट्रातून इथे आले. वडील किराणा मालाच्या एका मोठ्या दुकानात रात्रपाळी करतात, आई पाळणाघरात काम करते आणि नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने इथे येऊन दोन वर्षांत हायस्कूल पूर्ण केले. तिला मानसशास्त्र घेऊन युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जायचे होते. कॉलेजच्या फलकावर तिने इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात बारा आठवड्यांच्या सत्राची जाहिरात वाचली आणि घरात वाद सुरू झाला.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांच्या शिक्षणाची सार्वजनिक संस्था असते. कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजे असून राज्यातील रहिवाशाला एका युनिटसाठी, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकासाठी, 46 डॉलर शुल्क पडते, आणि उत्पन्न कमी असेल तर तेही माफ होते. इथे साठ ट्रान्सफरयोग्य युनिट्स पूर्ण करून विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतात, यालाच ट्रान्सफर म्हणतात. आपल्या समाजात मात्र 'मुलगी कम्युनिटी कॉलेजात जाते' हे वाक्य अजूनही खालच्या आवाजात उच्चारले जाते, आणि मला वाटते की परदेशी सत्राबद्दलची शंकाही तिथूनच उगवते. दुसऱ्या देशात जाऊन एक सत्र शिकणे हे मोठ्या विद्यापीठांतल्या सुखवस्तू मुलांचे काम आहे, असे पालकांनी आणि पुष्कळदा मुलांनीही मनाशी धरलेले असते. वास्तविक अमेरिकेच्या केंद्र सरकारची विद्यार्थी मदत, अगदी कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदानसुद्धा, कॉलेजने मान्य केलेल्या परदेशी अभ्यासक्रमासाठी वापरता येते आणि हा नियम दोन वर्षांच्या कॉलेजांनाही तितकाच लागू आहे.

आईच्या मनात तीन भीती होत्या: ट्रान्सफर एका वर्षाने पुढे जाईल, पैसे कमी पडतील आणि ग्रीन कार्डाला काही धोका होईल. मी त्यांना म्हटले, "आपण पैशांचा हिशेब नंतर मांडू. आधी हिचा दोन वर्षांचा अभ्यासाचा आराखडा टेबलावर ठेवू."

हा क्रम मी एका जुन्या चुकीतून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी स्वतःच्या पैशांनी स्पेनमधील एका भाषाशाळेत जाऊन आला. त्याने मला आधी विचारले होते आणि मी उत्साहाच्या भरात 'जरूर जा' एवढेच उत्तर दिले होते. तो सुंदर प्रमाणपत्र घेऊन परतला, पण त्याच्या खात्यावर एकही युनिट जमा झाले नाही आणि त्याचे ट्रान्सफर एका सत्राने लांबले. तेव्हापासून मी पहिला प्रश्न विचारते, तो म्हणजे 'गुणपत्रक कोणाचे?' आपल्याच कॉलेजचा प्राध्यापक सोबत जाऊन शिकवत असेल, तर युनिट्स आपल्याच गुणपत्रकावर चढतात. दुसऱ्या संस्थेचा कार्यक्रम असेल, तर ती युनिट्स आपले कॉलेज स्वीकारेल आणि पुढे विद्यापीठही मान्य करेल याची लेखी खात्री जाण्यापूर्वीच घ्यावी लागते, शिवाय अनुदान तिकडे वापरण्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये करार लागतो. परत आल्यावर ही धावपळ करून फारसे काही हाती लागत नाही.

आराखडा मांडल्यावर फ्लोरेन्सची अडचण लगेच दिसली. ते सत्र 2025च्या शरद ऋतूत होते. नेमक्या त्याच सत्रात तिला संशोधनपद्धतीचा वर्ग घ्यायचा होता, सप्टेंबरमध्ये हमीच्या प्रवेशाचा, म्हणजे टॅगचा अर्ज भरायचा होता आणि नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाचा मुख्य अर्ज. अर्ज परदेशातूनही भरता आले असते, पण संशोधनपद्धतीचा वर्ग तिथे मिळणार नव्हता. दुसरी अडचण तिच्या पासपोर्टची होती. अमेरिकन पासपोर्टवर इटली धरून युरोपातल्या शेंगेन गटातील देशांत 180 दिवसांतले 90 दिवस व्हिसाशिवाय राहता येते आणि अशी बारा आठवड्यांची सत्रे त्या मुदतीत सहज बसतात. ग्रीन कार्ड असले तरी हिच्या हातात भारतीय पासपोर्ट होता, त्यामुळे तिला व्हिसा काढावा लागला असता. मुलीचा चेहरा उतरला. तिची समजूत घालण्याची घाई मी केली नाही, कारण जे जमण्यासारखे नाही ते पहिल्याच भेटीत स्पष्ट होणे तिच्याच हिताचे होते.

त्याआधी, 2025च्याच उन्हाळ्यात, आमच्या स्पॅनिश विभागाचा एक कार्यक्रम मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या मेरिदा शहरात जाणार होता. सहा आठवडे, यजमान कुटुंबात मुक्काम आणि आठ युनिट्स: पाच स्पॅनिश भाषेची, तीन मेक्सिकोच्या इतिहासाची. प्राध्यापक आमचे, गुणपत्रक आमचे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणाऱ्याला, त्याचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असला तरी, मेक्सिकोत 180 दिवसांपर्यंतच्या अशा भेटीसाठी व्हिसा लागत नाही. अट एकच होती, स्पॅनिशचा पहिला वर्ग जाण्यापूर्वी पूर्ण झालेला असावा, आणि त्यासाठी वसंत सत्र हाताशी होते. या आठ युनिट्समुळे ट्रान्सफर मागे पडण्याऐवजी दुसऱ्या वर्षाचा भार हलका होणार होता. हे कागदावर पाहिल्यानंतर आई प्रथमच खुर्चीत मागे टेकून बसली.

ग्रीन कार्डाविषयी मी तिला सांगितले की सहा आठवड्यांच्या प्रवासाने कार्डाला किंवा पुढच्या नागरिकत्वाला बाधा येत नाही. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास मात्र नागरिकत्वाच्या वेळी अखंड वास्तव्याचा प्रश्न उभा राहतो. खरी अडचण निराळीच निघाली. मुलीचा पासपोर्ट ती अल्पवयीन असताना काढलेला होता आणि त्याची मुदत अठराव्या वाढदिवशी संपून गेली होती, याकडे घरात कोणाचेही लक्ष गेले नव्हते. त्याच आठवड्यात नूतनीकरणाचा अर्ज केल्याने तो वेळेत हाती आला.

पैशांच्या बाबतीत कुटुंबाला दोन गोष्टी ठाऊक नव्हत्या. पेल अनुदान परत फेडावे लागत नाही आणि त्याची वर्षाची कमाल रक्कम 7,395 डॉलर आहे, हे मुलीला माहीत होते. पण वर्षाची पूर्ण रक्कम वापरून झाली तरी उन्हाळ्यात किमान सहा युनिट्स घेतल्यास अधिकचे अनुदान मिळू शकते, ही 2017पासूनची तरतूद तिच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. आठ युनिट्सवर तिला सुमारे 2,400 डॉलर मिळतील असा हिशेब आर्थिक मदत विभागाने दिला. कार्यक्रमाचा खर्च विमानभाडे धरून साडेचार हजारांच्या आसपास होता. कॉलेजच्या निधीतून आठशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली आणि उरलेले तिने ग्रंथालयातल्या कामातून साठवायचे ठरवले. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. अनुदान सत्र सुरू झाल्यावर खात्यात येते, आणि कार्यक्रमाची आगाऊ रक्कम मार्चमध्येच भरावी लागते. कमी उत्पन्नाची कितीतरी मुले पात्र असूनही या तीन महिन्यांच्या फटीत अडकून घरी राहतात. कॉलेजांनी त्यासाठी बिनव्याजी उचल द्यावी, असे मी दर वर्षी बैठकीत मांडते आणि यापुढेही मांडत राहीन. या घरात ती फट आईने भरून काढली. पाळणाघरातल्या बायकांची भिशी होती, तिने आपली पाळी मार्चमध्ये मागून घेतली.

निघण्यापूर्वी आईने एकट्याने फोन केला. या वेळी तिने मॅडम न म्हणता ताई म्हटले. "ताई, ती मांसमच्छी खात नाही. तिथं उपाशी तर राहणार नाही ना?" मी सांगितले की मक्याची तॉर्तिया आपल्या भाकरीसारखी तव्यावर भाजतात आणि काळा घेवडा तिथे रोजच्या जेवणात असतो, मात्र तो घेवडा अनेक घरांत डुकराच्या चरबीत परततात, म्हणून यजमान कुटुंबाला केवळ शाकाहारी एवढेच न कळवता तेलात शिजवण्याची विनंती लेखी कळवू. तसे आम्ही कळवले.

फ्लोरेन्सला जाऊ शकणाऱ्या मुलांसाठीही एक गोष्ट नमूद करते. अमेरिकेचे नागरिकत्व आणि पेल अनुदान या दोन्ही गोष्टी असतील, तर परराष्ट्र खात्याची गिलमन शिष्यवृत्ती जरूर पाहावी. ती 5,000 डॉलरपर्यंत मिळते आणि दोन वर्षांच्या कॉलेजातील विद्यार्थीही तिच्यासाठी पात्र असतात. याउलट एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर थेट भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत मिळत नाही, आणि परदेशी सत्रामुळे त्यांच्या विद्यार्थी दर्जावर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी पहिली भेट आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला द्यावी.

ती जुलैत परतली. सप्टेंबरमध्ये टॅगचा अर्ज भरायला आली, तेव्हा आईही सोबत होती. पाळणाघरातली आईची मेक्सिकन सहकारी दोन वर्षे रोज काहीतरी सांगत असे आणि ही नुसती मान हलवत असे. आता मुलीने मध्ये बसून दोघींचे बोलणे घडवून आणले होते आणि त्या बाईची आईसुद्धा गावी एकटीच राहते हे हिला प्रथमच समजले होते. ते सांगून झाल्यावर आईने विचारले, "ताई, ती गिलमन शिष्यवृत्ती विद्यापीठात गेल्यावरही मिळते का?" मिळते, मी म्हटले, पण अर्ज करताना नागरिकत्व हातात असले पाहिजे. त्यासाठी लागणारी ग्रीन कार्डाची पाच वर्षे 2027च्या सुरुवातीला पूर्ण होतात आणि नागरिकत्वाचा अर्ज त्याच्या नव्वद दिवस आधी करता येतो. मुलीने आपल्या आराखड्याच्या कागदावर, टॅगच्या ओळीखाली, ती तारीख लिहून घेतली.