वाहक कण निवडण्याआधी

औषधाला न जुमानणाऱ्या कर्करोगपेशींवर जनुक-शमनाचे, म्हणजे ठरावीक जनुक शांत करण्याचे, काम तुम्ही नव्याने हाती घेत असाल, तर शमन करणारा रेणू पेशीत वाहून नेणाऱ्या नॅनोकणांच्या रचनेत गुंतण्याआधी आपल्या पेशींमध्ये प्रतिकार नेमका कशामुळे आला आहे, हे तपासून घ्या. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध पेशीबाहेर फेकणारे पी-ग्लायकोप्रोटीन हे परिचित कारण असले, तरी प्रत्येक वेळी दोषी तेच असते असे नाही.

सर्वाधिक लक्ष मात्र एंडोसोमकडे, म्हणजे गिळलेला माल पेशी ज्या पिशवीत बंद करते तिच्याकडे, द्या. सुमारे २१ न्यूक्लिओटाइडांचा एसआयआरएनए (जनुक शांत करणारा आरएनएचा छोटा तुकडा) लिपिड कणात बसवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. पण पेशीने गिळलेल्या मालापैकी जेमतेम १ ते २ टक्केच एंडोसोममधून निसटून पेशीद्रवात पोहोचतो, आणि म्हणूनच चमकदार रंग लावलेला माल गिळून चकाकणाऱ्या पेशींचे सुंदर छायाचित्र (ते सगळेच काढतात) हा जनुक शांत झाल्याचा पुरावा ठरत नाही. एमआरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) आणि त्यापासून बनणारे प्रथिन दोन्ही मोजा. आधीच तयार झालेले पी-ग्लायकोप्रोटीन सावकाश नष्ट होत असल्याने केमोथेरपीचे औषध लगेच न देता, ते प्रथिन घटल्याचे दिसल्यावरच द्या. असंबद्ध क्रमाचा एसआयआरएनए वाहणारे तेच कण तुलनेसाठी ठेवा, कारण धनभारित वाहक स्वतःच पेशी मारू शकतात.

प्राण्यांमध्ये शिरेवाटे दिलेल्या कणांचा मोठा भाग यकृतातच अडकतो. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या एसआयआरएनए औषधाचे लक्ष्यच यकृतात होते. कर्करोगाच्या गाठीच्या बाबतीत ती सोय नाही, त्यामुळे कोणत्या अवयवात किती कण गेले याची मोजणी पहिल्याच प्रयोगात आखून ठेवा.