स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू असताना शरीराच्या कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कधी?

गोळी सुरू होण्याआधीच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल लिहून ठेवा. पुढे तुलना करायला हेच आकडे लागतात. या गोळ्यांपैकी ओलान्झापिन आणि क्लोझापिनने वजन सर्वात जास्त वाढतं, तेही सुरुवातीलाच. म्हणून पहिले ६ आठवडे दर आठवड्याला, एकाच काट्यावर वजन करा. रक्ततपासणी १२ आठवड्यांनी, मग दरवर्षी. मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली (७० किलोचे ७३.५ च्या पुढे) तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टर औषध बदलू शकतात किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) जोडू शकतात. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

क्लोझापिनवर रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी सगळे नेमाने करतात, बद्धकोष्ठतेबद्दल कुणी विचारत नाही. या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते, आतडं अडून जीवही जाऊ शकतो. त्यामुळे शौचाला झालं का, हे रोज विचारा. पोट फुगलं, दुखलं किंवा उलट्या झाल्या तर तडक रुग्णालय गाठा.

सिगारेट जरूर सोडावी, पण डॉक्टरांना आधी कळवून. धुरामुळे क्लोझापिन यकृतात लवकर मोडतं. धूर थांबला की त्याच डोसने रक्तातलं प्रमाण वाढतं, गुंगी येते, आकडीही (फिट) येऊ शकते. निकोटिनच्या पट्टीने हा फरक भरून निघत नाही, कारण परिणाम धुराचा असतो.

आणि छातीत दुखतंय म्हटल्यावर ‘मनाचंच असेल’ असं कुणी म्हणालं, तर ईसीजी काढायचा आग्रह धरा.